पूजेतल्या वायुमापकाची उत्तरपूजा होण्याबाबत

प्रति,
श्री. शरदचंद्र दाभोळे,
सुरक्षा अधिकारी,
सुवर्णपर्ण स्टार्च कारखाना,
मेटगळ्ळी, मैसूरु.

विषय: खंडेनवमीस पूजलेल्या वायुमापक यंत्राची उत्तरपूजा करून ते तपासणीस पाठविणेबाबत, व तोवर गाळटाकीत माणूस न उतरविणेबाबत.

संदर्भ: माझा कन्नडमधील अर्ज, जो आपण ‘वाचता येत नाही’ असा शेरा मारून परत केला.

महोदय,

मी खाली सही करणार हणमंत विठोबा पतंगे, आपल्या कारखान्यात धुलाई व गाळ उपसण्याचे काम करणाऱ्या टोळीचा मुकादम. आमचे घराणे मंडी मोहल्ल्यातील शिंप्यांचे. घरी मराठी बोलतो, पण सरकारी थाटाची मराठी लिहिण्याचा हा पहिलाच प्रसंग आहे. चूकभूल पदरात घ्यावी, परंतु मजकूर पदरात घेऊन ठेवू नये, वाचावा.

१. गाळटाकीत विषारी वायू आहे किंवा कसे, हे सांगणारे यंत्र कारखान्याने यंदा विकत घेतले. ते नवे म्हणून खंडेनवमीस जेट पंपाशेजारी पाटावर मांडण्यात आले व आपल्या सौभाग्यवती सिंधूवहिनींच्या हस्ते त्याची पूजा झाली. यंत्र ज्या बारीक जाळीतून हवा घेते, ती जाळी म्हणजे त्याचे कपाळ, असे समजून वहिनींनी तेथे ओल्या हळदीकुंकवाचा ठसठशीत टिळा लावला व वर अक्षता दाबल्या. यात त्यांचा काही दोष नाही. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो, मीही होतो.

२. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा करून यंत्र पाटावरून उतरवायचे होते. परंतु दसऱ्याची सुट्टी होती, सगळा गाव हत्ती पाहायला गेला आणि उत्तरपूजा राहून गेली. भांडारपाल श्रीनिवासराव यांचे म्हणणे असे की, देवाला निरोप दिलेला नसताना कुंकू पुसणे अशुभ, त्यातून ते साहेबांच्या घरचे कुंकू. सबब त्याला कोणी हात लावत नाही. टिळा वाळून सिमेंटसारखा घट्ट झाला आहे.

३. तेव्हापासून यंत्र शून्य दाखवते. टाकीच्या झाकणाशी शून्य, गटाराशी शून्य. खात्री करावी म्हणून मी ते माझ्या जुन्या स्कूटरच्या सायलेन्सरसमोर धरले. माझ्या स्कूटरचा धूर पाहून गल्लीतले लोक खिडक्या लावून घेतात, पण यंत्राच्या मते ती हिमालयाची हवा सोडते. हे मी आपणांस तोंडी सांगितले असता, यंत्र शून्य दाखवीत असताना नसलेल्या वायूची तक्रार करणे हा शिस्तभंग आहे, असे आपण म्हणालात. मला त्याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

४. येत्या सोमवारी पाहुणे येणार म्हणून टाकी जेटने धुऊन तळाचा गाळ काढण्याचा आपला हुकूम आहे. साचलेला गाळ शांत असतो तोवर ठीक. त्यावर जेटचा फवारा बसला की तो उकळल्यासारखा वर येतो आणि पोटातला वायू एकदम सोडतो. आत उतरणार गगन, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. यंत्र शून्य म्हणते म्हणून त्याला श्वासाचा मुखवटा मिळणार नाही. आतला माणूस वर ओढायची तिपाई मागितली, तर ती सध्या फाटकाशी ‘सुरक्षा सप्ताह’ या फलकाला टेकू देत उभी आहे. फलक काढता येणार नाही, कारण पाहुणे येणार आहेत.

५. गेल्या आठवड्यात झाकण थोडे सरकवून गगन बाहेरूनच भिंत धूत होता. आधी नाक दाबून म्हणाला, “मामा, कुजलेल्या अंड्यांचा वास येतोय.” थोड्या वेळाने हसून म्हणाला, “वासने होयतु मामा, गेला वास.” आणि फवारा हातात तसाच धरून खाली बसला. मी त्याला कॉलरला धरून मागे ओढले. शुद्धीवर होता, पण बायकोचे, म्हणजे भव्याचे, नाव त्याला काही केल्या आठवेना. महोदय, हा वायू फार झाला की आधी नाक मरते. वास गेला म्हणजे वायू गेला असे नव्हे. ज्याला वास येत नाही त्याची मला जास्त भीती वाटते. हे मी टोळीला सांगितले, तर सगळे म्हणतात, “एनू आगल्ला बिडी,” म्हणजे काही होत नाही, सोडा. गगनही तेच म्हणतो.

६. पुरावा म्हणून एक वस्तू सोबत जोडली आहे. पूजेच्या दिवशी वहिनींची हळदीकुंकू ठेवायची चांदीची कोयरी टाकीजवळच्या पंपघरात फळीवर राहिली. परवा सापडली तेव्हा तव्याच्या बुडासारखी काळी झाली होती. मी ती चिंचेने घासून लख्ख केली आणि मुद्दाम तेथेच ठेवली. पुन्हा काळी पडली. यंत्राला कळले नाही ते कोयरीला कळले. वहिनींना ती दाखवावी आणि घरातल्या इतर चांदीशेजारी ठेवून पाहावी, ही विनंती.

तरी वहिनींना कारखान्यात आणून, किंवा यंत्रच घरी नेऊन, त्यांच्या हातून उत्तरपूजा करवावी. देवाला रीतसर निरोप द्यावा. नारळ मी आणतो. मग यंत्र ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याकडे तपासायला पाठवावे, नुसते पुसून परत देऊ नये. तोवर टाकीत कोणाला उतरवू नये. यांपैकी काहीच जमणार नसेल, तर सोमवारी मी त्या झाकणावर मांडी घालून बसेन. मला तेथून उठवणाऱ्याने आधी स्वतः आत उतरून दाखवावे. मी बहिणीला काय तोंड दाखवू, एवढेच मला कळत नाही. बाकीचे सगळे मला कळते.

आपला, अजून तरी आज्ञेत असलेला,
हणमंत विठोबा पतंगे
मुकादम, धुलाई टोळी
मैसूरु, शनिवार, दि. १६ नोव्हेंबर २०२४

सोबत: चांदीची कोयरी, एक (मूळची पांढरी).

ता. क. पाकीट बंद करीत असताना श्रीनिवासराव आले. पाहुणे उद्याच येणार म्हणून आपण काम आजच उरकायला सांगितले म्हणे. झाकण उघडले आहे, गगन जेट घेऊन उतरला आहे. श्रीनिवासराव म्हणतात, काळजी नको, मघाशी वास होता, आता अजिबात नाही. मी टाकीकडे धावतो आहे. अर्ज त्यांच्याच हाती देत आहे. तो वाचत बसू नये, ताबडतोब यावे, आणि येताना फाटकावरची तिपाई आणावी.