देव्हाऱ्यातलं पाकीट

प्रिय अपेक्षा,

हे पत्र आपल्या गावच्या अमोलच्या हाती धाडतेय, कंपनीची कॅब घेऊन तो तुझ्या बावधनवरूनच जातो. फोन केला न्हाई. मला रडू फुटलं असतं आन् तू शिकवणी टाकून पळत आली असतीस. देव्हाऱ्यात नऊ दिवस एक पाकीट पडलंय. वर नाव माझं, आत सगळं इंग्रजीच असणार, अजून फोडलं न्हाई. मला त्याची लई भीती वाटतीया. आधी तेवढं लिहून टाकलं, आता बाकीचं.

मे महिन्यात तू हितं ओटीवर बसून त्या स्पेनच्या बाईला कंप्युटरवर इंग्रजी शिकवत होतीस, मी शेजारी लसूण सोलत होते. त्या 'गेट' शब्दानं बिचारी रडकुंडीला आली. मिळणं म्हंजी गेट, आणणं म्हंजी गेट, पोचणं, कळणं, आजारी पडणं बी तेच आन् बरं होणं बी तेच! तिच्याकडं म्हणे दर कामाला निराळा शब्द. मी म्हटलं, माझ्या सासूनं बी एका सुनेला एवढी कामं सांगितली न्हाईत. तर तू मलाच धरलंस, आई, आपलं 'लागणं' बघ की. भूक लागते, ठेच लागते, दिवे लागतात, लग्न बी लागतं. मग तिला सांगितलंस, शब्द एकटा बघून घाबरायचं न्हाई, त्याच्या शेजारचे बघायचे.

चौथीत शाळा सुटलेलीनं शेजारचे शब्द आणायचे कुटनं? गोजराबाईच्या सुनेला वाचाया दिलं, तर सांजंपातुर गावभर होईल. म्हणून वाघजाईला कौल लावला. देवीला दोन्हीकडं फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर पाकीट फोडायचं, डावं पडलं तर न्हाई. उजवं पडलं. परत लावला, परत उजवं. तिसऱ्यांदा डावं पडलं, तशी मी घाईनं पाया पडले. म्हातारा भिकू गुरव म्हणाला, मनासारखं होईस्तोवर देवीला दमवलीस व्हय गं? लई राग आला. खरं बोलला म्हणून.

माझ्या डाव्या काखेत गाठ हाय, अपेक्षा. जत्रेपासनं हाय. पौडच्या डॉक्टरनं सुई घालून तपासाया धाडलं, त्याचा कागद हाय तो. तुझ्या आबांना सांगितलं न्हाई. शनिवारी ये. ओटीवर बस आन् त्या बाईला सांगतीस तसं सावकाश वाचून सांग. एक बी शब्द गाळू नकोस. मी मधीच उठून चुलीकडं निघाले, तर हात धरून खाली बसव.

तुझीच,
आई