दुसऱ्या ओळीतलं नाव

८ जाने. २००६, रवि.

सु.च्या कंपनीचा कागद आला. ३१च्या आत भरून द्यायचा, नाहीतर फेब्रु.च्या पगारातून टॅक्स कापून घेतील. दरवर्षी हे काम माझं. पतपेढीत दिवसभर दुसऱ्यांचे फॉर्म भरते, जानेवारीत नवऱ्याचा. अक्षर माझं, सही त्याची. (लोकांपुढे 'अहो'. इथे सु. इथे कोण ऐकतंय?)

यंदा नवीन कलम, ८०-सी. मुलांची शाळा-कॉलेजची फी दाखवता येते. फक्त ट्यूशन फी. डोनेशन, डेव्हलपमेंट वगैरे नाही. आणि दोनच मुलं. खाली दोन ओळी आखलेल्या. आमची मुलंही दोनच, सरकारने जणू आम्हाला विचारून आखल्या. ओंकारची आठवीची पावती, मानसीची एस. वाय. बी. ए.ची. दोन्ही काढून पिन मारायला घेतली.

सु. म्हणाला, "पिन नको मारूस. एक पावती यायचीय."

"कुणाची?"

"वंदनाकडची."

भाजीत मीठ जास्त पडलं आज. पडू दे.

९ जाने., सोम.

वंदना म्हणजे माझी धाकटी जाऊ. मोहनभाऊजी जाऊन दोन वर्षं झाली. ती नि तिची मुलगी केतकी गिरीजला भाड्याने राहतात, एका वाडीवाल्यांच्या चाळीत. वंदना बालवाडीत शिकवते. केतकी यंदा इंजिनीअरिंगला गेली. हुशार आहे. हे मला दर दोन दिवसांनी सांगण्यात येतं.

सु. त्यांना "थोडीफार मदत" करतो. थोडीफार म्हणजे किती, कधी विचारलं नाही. विचारणारी बायको वाईट दिसते. दिवाळीनंतर केतकीला ड्राफ्टर घ्यायला स्वतः दादरला गेला. ड्रॉइंगच्या रेषा मारायचं ते साधन. घरी आणून मला अर्धा तास समजावलं कसं चालतं ते. आणि मानसीचा मेन विषय कोणता, विचारा त्याला. एकदा हिस्टरी सांगतो, एकदा सोशिऑलॉजी. (सायकॉलॉजी आहे.)

जळतेय मी. लिहून टाकलं, बरं वाटलं.

नाही वाटलं.

१५ जाने., रवि.

बिल्डिंगमधल्या बायकांचं हळदीकुंकू, या वेळी आमच्याकडे. वाण म्हणून चहाच्या गाळण्या. बोळिंजला आल्यापासून एवढ्या बायका घरात कधी आल्या नव्हत्या. ऐन गर्दीत बेल. दारात वंदना.

तिला बोलावलं नव्हतं. विधवेला बोलवायची पद्धत नाही. पद्धत असली की बरं असतं, आपल्याला काही ठरवावं लागत नाही.

"ताई, आज आहे हे मला माहीत नव्हतं हो. दादांनी पावती मागवली होती, तेवढी द्यायला आले. निघते."

"ये ना आत," म्हणाले, पण दारातून बाजूला झाले नाही. तिळगूळ दिला. कुंकवाचा करंडा हातात होता, तो पदराआड धरला. तिने पाहिलं. वाडीतलं केळफूल आणलं होतं, ते माझ्या हातात दिलं आणि जिना उतरली.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोण हो?"

"ह्यांच्या नात्यातली."

असं म्हणाले मी.

१६ जाने., सोम.

पावती पतपेढीत नेली. जेवणाच्या सुट्टीत वाचली. ट्यूशन फी सव्वीस हजार. म्हणजे आमची आर.डी. मोडली ती इथे गेली. मला सांगितलं होतं, बँकेने व्याज कमी केलं म्हणून मोडली.

पण पैशाचं जाऊ दे. नाव बघ. केतकी सुधाकर, पुढे आमचं आडनाव.

केतकी मोहन नाही. केतकी सुधाकर.

रफ कागदावर लिहून बघितलं. मानसी सुधाकर. ओंकार सुधाकर. केतकी सुधाकर. सहज खपून जातं. तेच तर.

दुपारी दोन व्हाउचर चुकली. साहेबांनी विचारलं, बरं नाही का. म्हटलं, डोकं दुखतंय.

१७ जाने., मंगळ.

भांडण.

"मानसीची फी किती? अकराशे. ती दाखवून काय वाचणार? केतकीची दाखवली तर पाच हजार टॅक्स वाचतो. तेवढेच तिच्या पुढच्या फीला."

"ती तुमची मुलगी नाही. कायद्यात स्वतःचीच मुलं चालतात."

"पावतीवर माझं नाव आहे ना? अकाउंट्सवाले तेवढंच बघतात."

"घातलं कोणी ते नाव?"

यावर टीव्ही लावला.

माझा पगार टॅक्सच्या खाली, नाहीतर मानसी माझ्या फॉर्मवर आली असती. तीही सोय नाही. ओळी दोन, मुलं तीन, आणि गळणार कोण, तर माझी. वर ते माझ्याच अक्षरात लिहायचं.

नाव वंदनानेच घातलं असणार. स्वतःचा नवरा गेला, आता

पुढचं खोडलं. लिहिण्यासारखं नव्हतं.

२० जाने., शुक्र.

मानसीला कळलं. ह्या बिल्डिंगच्या भिंती काय, फुंकर मारली तर हलतील. आधी हसली. "आई, फॉर्मच आहे ना गं." मग ओंकारवर विनाकारण ओरडली. संध्याकाळी बाबांना चहा दिला नाही, एरवी रोज तीच देते. सु. स्वतः उठून करून प्याला. त्याच्या काही लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

२२ जाने., रवि.

गिरीजला जाऊन आले. सु.ला सांगितलं, वाडीवरची भाजी आणते. खरं तर वंदनाला चांगलं सुनावायचं होतं. रिक्षात सगळी वाक्यं तयार केली, एक-दोन तर फारच जमली होती.

वंदना घरी नाही. मालकांकडे नातवाचा बाप्तिस्मा, तिकडे मदतीला गेलेली. केतकी एकटी, जमिनीवर ड्रॉइंगचा कागद पसरून. मला बघून उठली, खुर्चीवरची पुस्तकं उचलली. म्हटलं, हिलाच विचारू.

"फीच्या पावतीवर काकांचं नाव कुणी घातलं गं?"

लाल झाली. "माझ्यामुळे झालं, काकू."

"म्हणजे?"

"काका पैसे भरायला आले होते ना बरोबर. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, बाबा आलेत का? मी हो म्हटलं."

"हो का म्हटलंस?"

"असंच. बाकी सगळ्यांचे आले होते. मग त्यांनी काकांना नाव विचारलं आणि तेच मधे लिहिलं."

"काका काही बोलले नाहीत?"

"त्यांनी पावती वाचली. मला वाटलं आता सांगतील. पण घडी घालून खिशात ठेवली. मग मीपण नाही बोलले." ड्रॉइंगच्या कागदाचा कोपरा सरळ केला. "मार्कशीटवर मोहनच आहे, काकू. आयकार्डवरपण. फक्त ह्या एका पावतीवर."

निघताना म्हणाली, "मानसीताईला नका सांगू हं. तिला काय वाटेल."

भाजी घ्यायची राहिली. स्टेशनवरून आणली, वाडीचीच म्हणून सांगितलं.

२४ जाने., मंगळ.

गिरीजचं सु.ला सांगितलं. बनियनचं टोक चिमटीत धरलं. मग म्हणाला, "दुरुस्त करून घ्यायला हवं होतं. पण मोहनची पोरगी 'बाबा आलेत' म्हणते, तर तिथे रांगेत काय सांगू, नाही आले?"

पटलं मला. तरी मनात पहिलं काय आलं असेल? की मानसी फी भरायला एकटी जाते. एफ. वाय.पासून. कमी फी, आर्ट्सची, कशाला हवंय कोणी बरोबर. तिला खिडकीवर कोणी विचारत नाही, बाबा आलेत का.

हे मी मोठ्याने बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले. सु. म्हणाला, "तिला गरज कुठे पडते? ती खंबीर आहे."

खंबीर! पोरीला नुसतं खंबीर म्हटलं की बापाचं काम झालं. ज्या बापाला केतकीच्या ड्राफ्टरचा स्क्रू कुठला ते ठाऊक, त्याला

असो.

२८ जाने., शनि.

सु. आज मानसीला म्हणाला, "चल, कॉलेजला सोडतो." ती म्हणाली, "शनिवारी दोनच लेक्चर आहेत बाबा, राहू दे." त्याने एकदाच विचारलं. दोनदा विचारायला हवं होतं. त्याने कधी नाही ते विचारलं, तर तिनेही जायला हवं होतं. दोघं एकाच मातीचे.

३० जाने., सोम.

उद्या शेवटची तारीख. रजा टाकली. सकाळी टेबलावर फॉर्म, खाली सु.ची सही. एवढ्या वर्षांत मी लिहिण्याआधी त्याने सही कधी केली नव्हती. डबा उचलताना म्हणाला, "तू लिहिशील ते." आणि गेला. हा विश्वास की पळवाट? दोन्ही असेल.

पहिल्या ओळीत ओंकार लिहिला. त्याचं आपलं बरं आहे.

मानसी चारला आली. खांद्यावरून वाकून बघितलं.

"केतकीचं लिही ना. माझे अकराशे, त्यात बाबांना काय मिळणार?"

हसत म्हणाली. पण 'केतकी' हे नाव तिने ज्या तऱ्हेने उच्चारलं, तसं मी उच्चारते. अगदी तसंच, शेवटचं अक्षर जरा दाबून. इतके दिवस वाटत होतं मी तिच्या बाजूने भांडतेय. तिला हे शिकवत होते मी.

"माझी पावती टाकून देऊ मग?" तिने विचारलं आणि उचललीसुद्धा. मी तिच्या हातातून ओढून घेतली. कोपरा फाटला. ती आत गेली.

फाटलेल्या कोपऱ्याला टेप लावली. दोन्ही पावत्या समोर आहेत. एक खरी, आणि दुसरी खोटी म्हणायला जीभ रेटत नाही.

केतकीवरचा राग गेला. वंदनावर अजून थोडा आहे. मी तिच्याशी वाईट वागले म्हणून असेल. पण केतकीवरचा गेला, आणि हीच पंचाईत झालीय. राग होता तोवर या ओळीत कोणाचं नाव लिहायचं ते मला पक्कं ठाऊक होतं.

पाच वाजलेत, दुसरी ओळ अजून कोरी. सु. साडेसहाला येतो.