फुईचा हसतानाचा फोटो

प्रिय फुईस,

काल नानांनी, तुझ्या भावाने, माझ्याकडे तुझा फोटो मागितला.

अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, जवळ आली आहे. तू गेल्यानंतरची तुझ्या नावाची ही पहिली घागर. आईने कुंभाराकडून नवी घागर आणून ठेवली आहे, वर ठेवायला डांगराचं फळही सांगून ठेवलं आहे. मी मुंबईहून त्यासाठीच आले. जेवण झाल्यावर नाना ओट्यावर बसले होते. मला हाक मारून म्हणाले, "इंदू, तुन्हाजोडे आक्काना फोटू शे ना? तो हसताना. मास्तर सांगी ऱ्हायंतात. आखाजीले घागरजोडे ठेवसूत."

मी म्हटलं, "शोधते."

काय शोधणार मी, फुई? म्हणून तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं. तुझ्या सासरची पत्रं मीच तुला वाचून दाखवायची. तसंच हेही मी वाचतेय आणि तू मिरचीचे देठ खुडत ऐकते आहेस, असं समज.

तुला आठवतं ना, तू माझ्याबरोबर व्याख्यानांना कशी येऊ लागलीस? सुरतेहून बी.ए. होऊन आले तेव्हा लेकीचे म्हणून नानांनी गावभर पेढे वाटले होते. मी फोटोग्राफी शिकते म्हटल्यावर मात्र त्यांचा घास हातातच राहिला. शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर संध्याकाळी फोटोग्राफीचा वर्ग घेत. वाचनालयात महिन्याला कलेवर एखादं व्याख्यान ठेवत, वर्षातून एकदा प्रदर्शन भरवत. तिथे सगळे पुरुष. नाना म्हणाले, "आक्का संगे जाई, त जाय."

आणि तू लगेच चप्पल घालून उभी. विधवा होऊन भावाच्या घरी आल्यापासून मिरची वाळवायची आपली पथारी, स्वयंपाकघर आणि देऊळ सोडून तू कुठे गेली नव्हतीस. मला तेव्हा वाटलं, तू माझ्यासाठी येतेस. आता वाटतं, थोडी स्वतःसाठीही येत होतीस. मी कधी विचारलं नाही.

पहिल्याच व्याख्यानाला तू ओच्यात भुईमुगाच्या शेंगा घेऊन आलीस. पाहुणे पडद्यावर चित्रं दाखवून छाया आणि प्रकाश समजावत होते, आणि अंधारात तुझं कट्‌कट् चाललेलं. मी कोपराने ढोसलं. तू आवाज न दाबताच म्हणालीस, "भाषन आयकाले कान लागतस. दात रिकामा ऱ्हातस." पुढच्या दोन रांगा हसल्या. मी शरमेने खाली बघत राहिले. त्या रात्री मी तुझ्याशी फुगून बसले आणि तू उरलेल्या शेंगा माझ्या उशाशी ठेवल्यास.

शेजारची काकू तुला चिडवायची, "काय वं आक्का, तू बी बी.ए. करी ऱ्हायनी का?"

"मी कव्हयच करी बठनू," तू म्हणायचीस. "मन्ही परीक्षा मन्ही सासूनी लिधी."

वर्गातही तुला नुसतं बसणं जमत नसे. लढाईमुळे फोटोचा कागद मिळत नव्हता, काच मिळत नव्हती. कॅमेऱ्यात घालायच्या, फोटो उमटणाऱ्या काचेच्या प्लेटा बिघडल्या तरी मास्तर फेकत नसत. गरम पाण्यात सोडा टाकून त्या घासायच्या, वरचा फोटोचा मसाला निघून गेला की स्वच्छ काच उरते, ती प्रदर्शनाच्या चौकटींना लावायची. ते काम तू मागून घेतलंस. वर्गाच्या पडवीत परात घेऊन तू बसायचीस. आतून मास्तर म्हणायचे, "आक्का, ओरखडा पडू देऊ नका हं." तू म्हणायचीस, "मास्तर, मी चांदीना ताटे घासेल शेतस." आपल्या घरात चांदीचं एकच फुलपात्र होतं.

आणि मग ती पथारीवरची सकाळ. मास्तरांनी प्रदर्शनासाठी प्रत्येकाला विषय आणायला सांगितलं होतं. त्यांचा मोठा कॅमेरा बैलगाडीत घालून आपण मिरचीच्या पथारीवर गेलो. दूरवर वाळत घातलेली लाल मिरची, खोकणारे गडी, आणि मधे गोणपाटावर बसून देठ खुडणारी तू. दोनच प्लेटा मिळाल्या होत्या. पहिलीवर मी तुझे हात घेतले. दुसरीवर चेहरा घ्यायचा होता, पण तू पदर पुढे ओढून घेत होतीस. मी काळ्या कापडात डोकं घालून जुळवाजुळव करत होते. बाहेरून तुझा आवाज आला, "वासरूगत डोकं खुपसीसन काय करस वं? दूध निंघस का त्यामाईन?"

गडी हसले. त्यांच्याबरोबर तूही हसलीस, मान मागे टाकून. पदर खांद्यावर आला आणि मी प्लेट उघडली.

फुई, तो फोटो चांगला होता. मी मुंबईत आता पुष्कळ फोटो पाहिले आहेत, म्हणून सांगते. खालचा पडलेला दात, हनुवटीवरचं गोंदण, डोळे जवळजवळ मिटलेले. तुझ्या तोंडावर ऊन होतं आणि तू त्याची पर्वा करत नव्हतीस.

पण हे मी काचेवर उलटं वाचलं होतं. मला ते वाचता येत होतं, तुला नाही. प्लेट धुऊन वाळल्यावर मी ती खिडकीपाशी धरून तुला दाखवली. काचेवर सगळं उलटं असतं, उजेड काळा आणि काळोख पांढरा. तू डोळे बारीक करून बघितलंस. "हाई मी शे का? तोंड कायं, केस धवया, दात बी काया. भूत दिखी ऱ्हायनू मी."

मी म्हटलं, कागदावर छापला की बरोबर दिसेल. तू म्हणालीस, "मंग छाप ना."

आणि मी म्हटलं, "थांब फुई, कागद थोडा आहे, प्रदर्शनासाठी ठेवलाय." तू बरं म्हणालीस. किती सहज बरं म्हणायचीस तू. एखाद्या गोष्टीला तरी हट्ट धरायचा होतास.

मास्तरांना चेहऱ्याचा फोटोच हवा होता. त्यांनी ते नानांना रस्त्यात सांगितलं, कौतुकाने. नाना घरी आले ते तसेच न्हाणीपाशी उभे राहिले. तू आणि मी चुलीपाशी होतो.

"मन्ही बहीन दात काढी ऱ्हायनी, आनि सारं गाव देखी ऱ्हायनं?" नाना म्हणाले. "तिना मालक जाईसन इतला साल व्हयनात. लोके काय म्हनतीन? हातना फोटू लाव. हातले कोन वळखस?"

मी बी.ए. होते ना. मला वाटे, खऱ्यासाठी भांडायचं तर मागे हटायचं नाही. मी म्हटलं, "लावसू त तोंडनाच लावसू, नही त काहीच नही."

"मंग मुंबईनं नाव काढू नको," नाना म्हणाले. मुंबईच्या फोटोग्राफीच्या शाळेत माझा प्रवेश झाला होता. त्यांनी कशीबशी मान हलवली होती, ती एका वाक्यात मागे घेतली.

आम्ही दोघं तुझ्या डोक्यावरून बोलत होतो. तुझ्याच हसण्याबद्दल. तू भाकरी थापत होतीस. नानांनी तुला विचारलं नाही, "आक्का, तुले काय वाटस?" मीही विचारलं नाही. स्त्रीच्या चेहऱ्याच्या हक्कासाठी मी भांडत होते आणि ती स्त्री तीन हातांवर बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गावरून आले. तू अंगणात होतीस. बाजेवर एक काच उन्हात वाळत टेकवली होती, इतकी स्वच्छ की तिच्यातून बाजेची सुंभं दिसत होती. परातीतलं सोड्याचं पाणी तू तुळशीला घालत नव्हतीस, मोरीत ओतत होतीस.

"ले," तू म्हणालीस. "तुले चौकटले काच पाह्यजे व्हती ना? भूत धुई टाकं. आते तुन्हा बाप बी गप, तू बी गप. मुंबईले जाय."

मी काच हातात घेऊन उलटसुलट केली. रडले नाही. आधी राग आला, मग, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. भांडण मिटलं होतं. मुंबई परत मिळाली होती. आणि मनात म्हटलं, फुई कुठे जाते आहे, पुन्हा काढू.

एक ओरखडा नव्हता त्या काचेवर.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तू ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलीस. वाचनालयाच्या भिंतीवर माझा फोटो, तुझे हात. त्याच मापाची ती काच चौकटीत अगदी चपखल बसली होती. एक वकील फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले आणि मास्तरांना म्हणाले, "वा, हे हात कुणाचे?" मास्तर मला शोधत होते. तू त्यांच्या शेजारीच होतीस, पदराखाली हात घेऊन. तूच उत्तर दिलंस, "काय माहीत दादा. कोन्ही मिरचीवाली व्हई."

मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालीस, "मिरची लाल दिखत नही वं. मंग लोकेसले खोकला कसा ई?"

मी हसले असेन. नीट आठवत नाही. वकील आणखी काय म्हणतात याच्याकडे माझे कान होते. तू तिथे किती वेळ उभी होतीस, फोटोकडे बघत होतीस की लोकांकडे, घरी जाताना तुझा चेहरा कसा होता, यातलं काही मला सांगता येत नाही. मी बघायला शिकत होते आणि मी बघितलं नाही.

दिवाळीला मी आले तेव्हा माझ्याकडे कॅमेरा नव्हता. शाळेचा कॅमेरा सुट्टीत बाहेर देत नाहीत. तू विचारलंस, "फोटूनं काय व्हयनं तुन्हं?" मी म्हटलं, "पुढच्या खेपेला आणते." पौषात तार आली. मी गाडीतून उतरले तोवर तुला नेलं होतं. आईने तुझा न्यूमोनिया सांगितला, तुझा खोकला सांगितला, शेवटी तू मिरचीच्या धुराबद्दल काही बडबडत होतीस ते सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि माळ्यावर चढून त्या दोन प्लेटा ठेवल्या होत्या ती पेटी उघडली. माहीत असून उघडली.

काल नानांनी "तो हसताना" म्हटलं तेव्हा मला क्षणभर त्यांचा फार राग आला. ज्या फोटोला तुम्ही नको म्हणालात, तोच आता हवा? मग त्यांच्याकडे पाहिलं. ते थकले आहेत, फुई. तू गेल्यापासून पथारीवर जाऊन बसतात आणि गड्यांवर ओरडत नाहीत. त्यांना वाटतं, आपण फक्त भिंतीवर लावायला नको म्हणालो, फोटो तर इंदूजवळ असेलच. त्यांना काच धुतल्याचं माहीतच नाही. तू त्यांना सांगितलं नाहीस. त्यांच्या नको म्हणण्याने काय झालं, हे तू भावाला कधी कळू दिलं नाहीस. आणि ते कळवायचं काम आता माझ्यावर टाकून गेलीस.

तुझ्यावरही माझा राग आहे. मला न विचारता का धुतलीस? एक दिवस थांबली असतीस तर मी ती काच मास्तरांकडे लपवली असती. पण हे लिहिताना दुसरा प्रश्न पुढे येतो आणि तो तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. तू जे धुतलंस ते तुझ्या लेखी काय होतं? काळं तोंड, पांढरे केस, एक भूत. तुझं हसणं तू कधी पाहिलंच नव्हतंस. आपल्या घरात बोटभर आरसा होता, तोही तू कुंकू पुसल्यापासून हातात घेत नव्हतीस. कागदाचा एक तुकडा मी तुझ्यासाठी वापरला असता, आणि त्यावर ती मान मागे टाकून हसणारी बाई तुला दिसली असती, तर तू परात घेऊन बसली असतीस का?

कदाचित बसलीही असतीस. तू तशीच होतीस. पण मग तुला ठाऊक असतं की आपण काय देऊन टाकतो आहोत. ते ठाऊक असण्याचा तुझा हक्क मी हिरावून घेतला. नानांनी नाही, मी.

म्हणून नानांना मी खोटं सांगणार नाही. "सापडत नाही" म्हणणं सोपं आहे. ते वर्षभर विचारत राहतील आणि मी वर्षभर शोधत राहीन. उद्या सकाळी ते पथारीवर निघाले की मीही बरोबर जाईन आणि चालता चालता सांगेन. तुमच्यामुळे झालं असं म्हणणार नाही, आणि तुमचं काही चुकलं नाही असंही म्हणणार नाही. ते गप्प बसले तर मीही गप्प बसेन. पण त्यांना तिथे एकटं सोडून परत येणार नाही.

आणि तुला एक वचन देते. मी शिकून आले की इथेच काम करणार आहे. फोटो काढून घ्यायला बायका येतील, मिरचीवाल्या येतील, तळोद्याच्या बाजाराला डोंगरातून उतरणाऱ्या येतील. ज्या बाईचा फोटो मी काढीन, तो आधी छापून तिच्या हातात देईन. प्रदर्शन नंतर, मास्तर नंतर, तिचा भाऊ नि नवरा नंतर. कागद कितीही महाग असो. ती म्हणाली लाव, तर लावीन. ती म्हणाली धू, तर तिच्यासमोर बसून धुईन. पण धुण्याआधी तिने स्वतःला एकदा पाहिलेलं असेल.

तुझी,
इंदू