अध्यक्षांनी थुंकलेली वाइन

ताई,
लांबूनच तुझ्या पायांना हात लावतो.

मी मजेत आहे. पितही नाही, आमच्या वाइनप्रेमी मंडळात घोट चाखून थुंकायचा असतो. माणसंही त्याच लायकीची आहेत.

परवा मी नदीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या वाइनची तुलना भरवली. लेबलं दिसू नयेत म्हणून बाटल्यांना माझे धुतलेले मोजे चढवले. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर, अलीकडच्या वाइनचे कट्टर अभिमानी. एक घोट थुंकून गरजले, "हे पलीकडचं गटारपाणी!" मी मोजा काढला. बाटली अलीकडचीच, त्यांच्याच मेव्हण्याच्या मळ्यातली निघाली, आणि मेव्हणा समोर बसलेला.

आता म्हणे वाइनला माझ्या मोज्यांचा वास लागला! "माफी मागा, नाहीतर चालते व्हा." मी म्हटलं, "डॉक्टर, दातांच्या नादात जिभेकडे दुर्लक्ष झालं तुमचं."

भाऊजींचे गुडघे कसे आहेत? माझी दाढ जराशी ठणकते, काळजी करू नकोस. त्याच डॉक्टरांनी ती अर्धी कोरून ठेवलीय आणि गावात दुसरा दातवाला नाही. उद्या त्यांच्याच खुर्चीत आ करून पडायचंय. माफी मी मागणार नाही. मागावीशी वाटेल तेव्हा त्यांचं यंत्र माझ्या तोंडात असेल.

तुझा हेकट धाकटा