विमानांचा बोर्ड

५ एप्रिल २०१६, मंगळवार

गेमच्या पडद्यावर विमानं अजून कापलेलीच दिसतायत! रॅम बदलली तरी तेच. शत्रूचं विमान वरून येतं तेव्हा त्याच्या उभ्या पट्ट्या झालेल्या असतात — एक पट्टी विमानाची, एक काळी, परत एक विमानाची. मागचा समुद्र मात्र अख्खा, निळाशार. आई म्हणाल्या, "समुद्राची रॅम वेगळी, विमानांची वेगळी. समुद्राला हात लावू नकोस."

बोर्ड आप्पासाहेबांचा. चिकलठाण्याची जमीन विकली आणि जालना रोडवर नव्या मॉलमध्ये पोरांसाठी खेळांचा हॉल काढतायत. नवी मशीनं आहेतच, पण हौस अशी की लहानपणी ज्या गेमवर शाळा बुडवली तीच गेम पाहिजे. बंद पडलेल्या गेम पार्लरांतली मशीनची जुनी कपाटं भंगारवाल्यांकडून उचलली, रंगवून चकचकीत केली. आतले बोर्ड सगळे मेलेले. असले बोर्ड उघडणारं शहरात आता आईंशिवाय कुणी राहिलं नाही. बाकीचे झाले, हा एकच अडलाय.

आईंशिवाय म्हणजे — आई आणि मी. साखरेनं त्यांचे डोळे खाल्ले. उजवा गेलाच, डाव्यानं खिडकी कुठंय तेवढं कळतं. मी प्रोब, म्हणजे तपासायची सुई, आयसीच्या पायावर टेकवते, त्या ऐकतात. पाय चालू असेल तर प्रोब किलबिलतो, अडकला असेल तर एकच सूर धरतो, तुटला असेल तर गप्प. "पुढचा," म्हणतात. "पुढचा." मान खाली, पदर खांद्यावरून कमरेला खोचलेला. चिकलठाण्याच्या टीव्ही कारखान्यात लाइनवर अशाच बसत असणार. कारखाना बंद पडल्यावर गल्लोगल्लीच्या पार्लरांचे बोर्ड दुरुस्त करून मुलाला, मंदारला, इंजिनिअर केलं. नवरा आधीच गेलेला. मंदारची बायको होऊन मी या घरात आले, पण त्यांची सून झाले ती या टेबलावर.

८ एप्रिल, पाडवा

मंदार आला नाही. शेंद्र्यातून कंपनीनं होसूरला पाठवलं तेव्हा म्हणाला होता, सणाला येत जाईन. आज फोनवर — "घरात पाणी नाही म्हणतेस, मग मी येऊन काय करू? तुमच्या दोघींतलं अजून एकानं वापरायचं?"

काळजीनंच म्हणाला. मला तरी तसंच वाटलं.

फोन आईंना द्यायला गेले तर म्हणाल्या, "हात भरलेत माझे." हात स्वच्छ होते. पुरणपोळी खाऊन नुसत्या बसल्या होत्या.

१३ एप्रिल

टँकरवर आज मारामारी. शेजारच्या बन्सीकाकांचं कपाळ फुटलं, घागर लागून. आपल्या कॉलनीत!

१९ एप्रिल, मंगळवार

सापडलं!! निदान कुठं बघायचं ते तरी. एका मोठ्या आयसीच्या सॉकेटखाली हिरवं साचलंय. बोर्डावरची जुनी बॅटरी कधीतरी गळली असणार, तिचं पाणी रेघारेघांतून सरकत थेट तिथवर गेलं. वरून काही दिसत नव्हतं. सॉकेट काढलं तेव्हा तांब्याच्या रेघा कुठं हिरव्या, कुठं नाहीतच.

व्हिनेगर लावलं, जुन्या टूथब्रशनं घासलं, मग बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरनं धुतलं. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं आणि मी बोर्ड धुतेय, याचं हसू आलं. आईंना म्हटलं. त्या हसल्या नाहीत. हल्ली हसतच नाहीत. डॉक्टर म्हणाले ना, आता लेसरचाही उपयोग नाही — तेव्हापासून असेल.

आता एकेक रेघ तपासायची. तुटली तिथं केसासारखी वायर टाकायची. मी बघायचं, त्यांनी लक्षात ठेवायचं. नकाशा त्यांच्या डोक्यात आहे.

२५ एप्रिल, सोमवार

लिहावं की नको. लिहिते.

दुपारी टेबलावर होतो. मी म्हणत होते, "खालून तिसरी रेघ, आई, इथं हिरवी होऊन—"

"मंदारनं तिकडं घर केलंय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, फ्लॅट. खरंच! मी विचारलं, "विकत?"

"बाई आहे घरात. मुलगाही झालाय."

माझा प्रोब कुठल्यातरी पायावर तसाच टेकलेला होता आणि किलबिलत होता. आईंनी चाचपडत हात आणून तो उचलला, बंद केला. मग सगळं सांगितलं. शेंद्र्याची मुलगी, मोनिका नाव. त्याच कंपनीत होती. दोघं एकदमच होसूरला गेले. दिवाळीला मंदार आला होता तेव्हा त्यानं आईंना सांगितलं. मी फराळाची ताटं घेऊन शेजारी गेले होते तेवढ्यात.

"दिवाळीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मग आजच का सांगितलंत?"

त्यांनी बंद केलेला प्रोब टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "दिवाळीला तुझं तोंड दिसायचं गं मला. आता नाही दिसत. म्हणून सांगता आलं."

२६ एप्रिल

मुलगा झालाय.

२८ एप्रिल, गुरुवार

मंदारला फोन केला. ओरडेन असं वाटलं होतं. हळूच 'खरं का' एवढंच विचारलं. तो म्हणाला, "तुला त्रास नको म्हणून बोललो नाही." आणि म्हणाला, "तू आईजवळ आहेस म्हणून मला इकडं घोर नव्हता."

म्हणजे मी काय होते? आईजवळची बाई!

फोन ठेवला आणि तशीच आईंच्या खोलीत गेले. म्हटलं, "माझे डोळे हवे होते तुम्हाला. मी निघून गेले असते तर टेबल बंद पडलं असतं. म्हणून गप्प बसलात."

वाटलं, रडतील. नाही म्हणतील. देवाची शपथ घेतील.

"हवे होते," म्हणाल्या. एवढंच.

२ मे, सोमवार

जालन्याला श्रीरंगदादाला सगळं सांगितलं. भाऊ आहे, चिडला, मंदारचे हातपाय तोडतो म्हणाला. मग म्हणाला, "ये तू इकडं." मागून वहिनींचा आवाज आला, काय ते कळलं नाही. दादा म्हणाला, "ये म्हणजे... इथं तर पाण्याचे तुझ्यापेक्षा वाईट हाल आहेत बघ. पाऊस पडू दे, मग नीट ठरवू."

पाणी नाही म्हणून नवरा येत नाही. पाणी नाही म्हणून भाऊ ये म्हणत नाही.

जेवण करते, दोघींचं वाढते, बोलत नाही. टेबलाकडं फिरकले नाही.

४ मे, बुधवार

हे कुणाला सांगता येणार नाही. म्हणून इथं.

मी स्वयंपाकघरात होते. बाहेरच्या खोलीत आईंनी वायरी डागायची सोल्डरची इस्त्री लावली. वासावरून कळलं. एकट्या! त्या आंधळ्या बाईनं तो बोर्ड पुढ्यात घेतला होता. मी पोळ्या लाटत राहिले. इस्त्री पडल्याचा आवाज आला. मग त्यांनी श्वास ओढला, तोंड दाबून. मग परत इस्त्री उचलली. मग वेगळा वास आला. बोर्ड जळल्याचा नव्हता तो.

मी उठले नाही.

तव्यावरची पोळी करपली तरी उठले नाही. मनात काय होतं? भाजू दे, हेच होतं. त्यांच्या मुलाला पोचणार नाही, त्यांना तरी पोचू दे.

सगळं शांत झाल्यावर गेले. तीन बोटं पांढरी पडली होती. बोर्डावर तांब्याच्या चांगल्या रेघाही सालपटासारख्या सुटून आल्या होत्या. आई खुर्चीत ताठ बसलेल्या. म्हणाल्या, "वैदेही, किती बिघडवलं गं?"

मी बोटांना मलम लावलं.

६ मे, शुक्रवार

आप्पासाहेब आले. पांढरे कपडे, चकचकीत बूट, दारातूनच आवाज — "काकू, अक्षय्य तृतीयेला नारळ फोडायचा! आमचं इमान उडलं का?"

आई म्हणाल्या, "माझ्या हातून बिघडला. मला दिसत नाही, आप्पासाहेब. तुम्हाला आधीच सांगायला पाहिजे होतं."

आप्पासाहेब खुर्चीत टेकले. आईंच्या बांधलेल्या हाताकडं बघत राहिले. आई त्यांच्याकडं बघून माफी मागत होत्या, पण तोंड कपाटाकडं होतं. तिथं कुणीच नव्हतं.

मग ते माझ्याकडं वळले. "वैनी, तुमच्यानं व्हईल का? बाकीची मशीनं हायेत, पण ही लई जिवाची हाय. नाय झालं तरी माझा राग नाय."

मी "बघते" म्हणाले. त्यांच्यासाठी नाही. आईंसाठीही नाही. कपाटाशी बोलणारं ते तोंड मला बघवेना.

८ मे, रविवार

काल आणि आज मिळून सगळ्या वायरी टाकल्या. सुटलेल्या रेघांच्या जागी एकेक. खालून बोर्ड आता जटा वाढल्यासारखा दिसतो. कुठली रेघ कुठं जाते हे विचारावंच लागलं. मी विचारायची, आई पलीकडच्या कॉटवरून सांगायच्या. बाकी एक शब्द नाही. दोनदा चुकल्या, मी भिंगातून बघून सुधारलं. त्यांनी ऐकून घेतलं.

शेवटच्या वायरीनंतर प्रोब टेकवला. जो पाय इतके दिवस गप्प होता तो किलबिलला. मी काही म्हणायच्या आधीच कॉटवरून — "बोलला."

बोर्ड पडद्याला जोडून चालू केला. समुद्रावरून विमानं आली. अख्खी! पंख, शेपटी, सगळं.

"अख्खी आली?"

"आली."

"हं."

मला आनंद झाला नाही असं नाही. पण तो ठेवायला घरात जागा नव्हती. थोड्या वेळानं आई म्हणाल्या, "जालन्याला कधी निघतेस?" दादा काय म्हणाला ते मी त्यांना सांगितलेलं नाही. "ठरलं नाही," म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि कुशीवर वळल्या. पाठ हलत होती. मी पंखा मोठा केला आणि आत गेले.

९ मे

आप्पासाहेबांचा माणूस बोर्ड घेऊन गेला. उद्घाटनाला या म्हणून दोघींना निरोप. गेलो नाही.

१७ मे, मंगळवार

डावा डोळाही गेला. सकाळी उठून म्हणाल्या, "आज ढग आलेत का?" बाहेर रणरणतं ऊन होतं.

मी "हो" म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. त्यांनी हात खिडकीच्या गजांवर ठेवला, गज तापलेले. खोटं तिथंच पकडलं गेलं.

दुपारी औषधाच्या बाटलीचं झाकण शोधत जमिनीवर बसल्या होत्या. मी बघत उभी राहिले. मग मीही खाली बसले. झाकण माझ्या पायाशीच होतं. त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी झाकणासकट माझा हात धरून ठेवला. मी सोडवला नाही. माफ केलं असं नाही. सोडवला नाही, एवढंच.

२४ मे, मंगळवार

आईंच्या मोबाइलवर फोन आला, मी उचलला. बाईचा आवाज. "ताई, मी मोनिका बोलते. ठिवू नका फोन. पाया पडते." मंदार तिथूनही गेलाय. कपडे घेऊन गेला, फोन बंद. घरमालकीण खोली सोड म्हणते, शेंद्र्याला तिचे वडील दारात उभं करत नाहीत. "लेकरू लई तापलंय ताई. आत्याबाईंना द्या की जरा." मागं ते रडत होतं.

आईंनी फोनसाठी हात पुढं केला. सगळं ऐकू गेलं होतं त्यांना. मी फोन दिला नाही.

तिला म्हटलं, आधी पोराला डॉक्टरला दाखव. मग गाडीत बस. इकडंच ये.