गवत, गवत्या मासे आणि बांधाची गळती

तळ्यावरची कचेरी,
सोमवार, दुपार

आदरणीय मामा,

तळ्याच्या काठावरून, पायात ओले बूट असताना, भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा जिने चढू देतो का? मामींचा नवा चष्मा जमला का? (मागच्या पत्रात त्यांनी मला 'सौभाग्यवती' असं संबोधलं होतं, म्हणून विचारतो.) आम्ही सगळे इकडे ठणठणीत आहोत. मध्यंतरी फक्त तळ्याची तब्येत जरा नाजूक झाली होती. ते तुम्ही भलत्याच कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं, म्हणून हे पत्र.

सव्वीस वर्षं तुम्ही या तळ्याची राखण केलीत आणि गेल्या वर्षी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवून मुलीकडे राहायला गेलात. जाण्याआधी होड्यांच्या खोलीचं कुलूप कसं उघडायचं यावर तुम्ही चाळीस मिनिटं बोललात. (आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग दाराला एक हलकी लाथ. लाथेचा जोर मला अजून साधत नाही.) पाण्याखालच्या गवताबद्दल मात्र चकार शब्द काढला नाहीत. त्यामुळे गवत आपलं आपण उगवतं आणि आपलं आपण राहतं, त्यात राखणदाराचा काही संबंध नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत झाली. मासेमारी मंडळाने मला नेमलं तेही एक वर्ष कसा वागतो ते बघून कायम करू या बोलीवर. नोकरीबरोबर ही दोन खोल्यांची राहायची जागा. तुमच्या भाचेसुनेने खिडकीशी शिवणयंत्र मांडलं, पडदे लावले आणि मला सांगितलं, "आता इथून हलायचं नाही. पडदे या खिडक्यांच्याच मापाचे आहेत."

तेव्हा काहीतरी करून दाखवणं भाग होतं. पहिलं काम केलं ते बांधाखालच्या, पाणी सोडायच्या दरवाजाची गळती बंद करण्याचं. तुमच्या काळापासून तो दरवाजा ठिबकत होता. दर हिवाळ्यात पाणी हात-दोन हात उतरायचं, काठ उघडे पडायचे, होड्या चिखलात रुतायच्या. तुमच्याबद्दल पूर्ण आदर बाळगून सांगतो, मला तो तुमचा आळस वाटला. मी लोहाराकडून नवी पट्टी करून आणली, तिला जाड रबर लावलं आणि त्या हिवाळ्यात पाणी बोटभरही उतरलं नाही. बैठकीत टाळ्या वाजल्या. (सात जण हजर होते, सहा जणांनी वाजवल्या. वकिलांच्या हातात चहा होता.)

उन्हं तापायला लागली आणि गवत वर आलं. आधी काठाकाठाने, मग होड्यांच्या धक्क्याशी, मग तळ्याच्या पार मध्यावर. एरवी हिवाळ्यात काठ सुकायचा तेव्हा गवताची मुळंही सुकायची, म्हणून ते आवाक्यात राहायचं, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की गळ टाकला की मासा नाही, पेंढी वर येते. आपले अध्यक्ष, म्हणजे दातांचे डॉक्टर, एका सकाळी अर्धा तास कशाशी तरी झुंजत होते. आठ जण गोळा झाले, एकाने फोटोसाठी मोबाइल तयार ठेवला, आणि वर आलं ते बादलीभर गवत, त्यात गुंतलेला त्यांचाच मागच्या आठवड्यात हरवलेला गळ. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की कुठला दात काढायचा ते ठरलंय, फक्त वेळ ठरायची आहे.

मी दुसऱ्याच दिवशी होडीच्या मागे लोखंडी दाताळं बांधलं आणि तळं विंचरायला घेतलं. आठवडाभर विंचरलं. काठावर गवताचा डोंगर झाला, मला मनापासून समाधान वाटलं. पण जे तुकडे पाण्यातच सुटले ते वाऱ्याबरोबर गावभर हिंडल्यासारखे तळंभर हिंडले आणि जिथे थांबले तिथे मुळं धरून बसले. या गवताला बी लागत नाही, मामा, बोटभर कांडी पुरते. म्हणजे मी आठवडाभर घाम गाळून जे केलं, त्याला शेतीच्या भाषेत लावणी म्हणतात. महिन्याभरात गवत नव्हतं अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे कचेरी.

मग मत्स्यबीज केंद्रातल्या गृहस्थांनी गवत्या माशांचं सुचवलं. हा मासा गवतच खातो, दुसरं काही मागत नाही. एकरी दहा मासे सोडा, म्हणाले, आणि तळं किती एकर ते विचारलं. मी फाटकावरचा फलक वाचून एकोणचाळीस सांगितलं. फलकावर बाग, टेकडीचा उतार आणि गाड्या लावायची जागाही धरलेली आहे, पाणी त्यातलं अकरा एकर, हा तपशील माझ्या ध्यानात आला तोवर तीनशे नव्वद मासे पाण्यात उतरून कामाला लागले होते. मी गप्प राहिलो. दोन महिने तर सगळे माझ्यावर खूश होते. मासे आधी कोवळं गवत खाऊन संपवत होते, मग राठ. मग काठचे बोरू. मग पाण्यावर वाकलेल्या फांद्यांची पानं. एका सकाळी होडी तळ्याच्या मध्यावर तरंगताना सापडली. दोर चावलेला होता. (दोर जुना होता असं लोहार म्हणतो. मी काही म्हणत नाही.)

गवत संपलं आणि खरी पंचाईत सुरू झाली. तळाशी धरून ठेवणारं काही उरलं नाही, त्यामुळे वारा आला की गाळ ढवळून वर यायचा. पाणी आधी हिरवं झालं, मग चहासारखं. बारक्या माशांना लपायला जागा राहिली नाही, बगळ्यांनी त्यांना एक-एक करून टिपलं. सभासद दिवसभर बसून हात हलवत घरी जायला लागले. चौदा जणांनी सभासदत्व सोडायची पत्रं दिली. ती पत्रं मी फायलीत लावत होतो तेव्हा तुमची भाचेसून न सांगता स्टुलावर चढून पडद्यांची मापं पुन्हा घ्यायला लागली.

शेवटी मीच मत्स्य महाविद्यालयात जाऊन एका संशोधक बाईंना घेऊन आलो. वयाने माझ्याहून लहान, पण पाण्याकडे अशा बघतात जसे डॉक्टर जिभेकडे बघतात. त्यांनी दोरीला बांधलेली काळी-पांढरी थाळी पाण्यात सोडली. चांगल्या तळ्यात ती पुरुषभर खोलीपर्यंत दिसते म्हणे. आपल्याकडे वीतभर गेली आणि दिसेनाशी झाली. त्या म्हणाल्या की गवताला आधी उजेड लागतो, आणि पाणी गढूळ असेल तर उजेड तळाशी पोहोचतच नाही. मग खोली, गाळ, वरच्या रोपवाटिकेतून वाहून येणारं खत, पाण्याची चढउतार आणि गवत खाणारी तोंडं, एवढं सगळं मिळून ठरतं. तळाचं गवत जाऊन पाणी हिरवं झालं, कारण ते खत आता शेवाळाला मिळायला लागलं होतं. मग त्या बांधावर गेल्या आणि दरवाजाकडे बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या.

"हे रबर नवीन आहे. आधी गळत होतं?"

"सव्वीस वर्षं," मी म्हटलं.

"मग बंद कुणी केलं?"

"मी."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. एवढ्या सावकाश माझं नाव आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

त्यानंतरचं थोडक्यात. दरवाजा उघडून पाणी दीड हात उतरवलं, म्हणजे उजेड तळापर्यंत जावा. गवत्या मासे कमी करायचे होते, पण ते गळाला लागेनात, तेव्हा अध्यक्षांनी कोबीचं पान लावून पाहिलं आणि एका दिवसात अकरा धरले. तेव्हापासून ते दवाखान्यात कमी आणि इथे जास्त असतात. शेजारच्या तळ्यातून गवताच्या कांड्या आणल्या, त्या आमच्या न्हाणीघरात टबात ठेवल्या. (पंधरा दिवस आम्ही अंघोळीला अध्यक्षांकडे जात होतो.) तुमच्या भाचेसुनेने तागाच्या साठ पिशव्या शिवल्या. त्यांत माती, दगड आणि एकेक कांडी भरून, कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मी त्या तळाशी ठेवल्या, आणि वरून माशांनी तोंड घालू नये म्हणून जाळीचे पिंजरे.

काल मंडळाची वार्षिक सभा झाली. मी उठलो, दरवाजापासून एकोणचाळीस एकरांपर्यंत सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला कायम करण्यात आलं.

तेव्हा मामा, आता एकच विचारायचं आहे. तो दरवाजा तुम्ही जाणूनबुजून गळू देत होता, की खरोखरच राहून जात होतं? काहीही असलं तरी माझा आदर तेवढाच राहील. फक्त कळवा, म्हणजे मी रबर काढू की नुसतं सैल करू ते ठरवीन.

मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. वर 'काही लपवलं नाही' असं लिहिलंय त्यात किरकोळ दुरुस्ती. सभेत मी सगळं सांगितलं हे खरं, पण ते सगळं तुमच्या लेखी सूचनेप्रमाणे केलं असंही सांगितलं. अध्यक्ष रागाने लाल झाले होते, तुमचं नाव ऐकताच शांत झाले. म्हणाले, "त्यांनी सांगितलं असेल तर त्यामागे काहीतरी असेल." माझ्या कायम होण्याचं कारण तेवढंच. तेव्हा कृपा करून तुमच्या अक्षरात एक पानभर सूचना पाठवा: दरवाजा, दाताळं, गवत्या मासे, सगळं आणा त्यात. तारीख गेल्या वर्षीची घाला. कागद जुना वापरा. ज्या रद्दीवर मामी हिशेब लिहितात ती चालेल, पण कोऱ्या बाजूवर.

ता. क. २ (मंगळवार, सकाळ). पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. ते पान पाठवू नका. आज पिंजऱ्यांत कोंब दिसले. पिंजऱ्यांच्या बाहेरही दिसले. थाळी हातभर खोल गेली तरी दिसत होती. अध्यक्षांनी गुडघाभर पाण्यात उतरून खात्री केली आणि वर येऊन जाहीर केलं की सव्वीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हा. नव्या होडीला तुमचं नाव द्यायचं ठरलंय. चौदापैकी नऊ जणांनी पत्रं परत घेतली. रविवारी अध्यक्ष आणि वकील तुम्हाला निमंत्रण द्यायला तिकडे येत आहेत. त्यांच्यासमोर कशाचंही आश्चर्य दाखवू नका. समारंभात तुम्हाला दोन शब्द बोलावे लागतील, तेव्हा पाण्यात उभं कोण राहिलं होतं तेवढं एकदा सांगा. नाव घ्यायचं नसेल तर नुसतं 'माझा भाचा' म्हणा. पण तुम्हाला भाचे तीन आहेत आणि तिघेही येणार आहेत, म्हणून 'तळ्यावरचा' एवढं त्यात घाला.