राणीअक्का, जीप जरा उंच झाली

नवनगर, हुबळी
रविवार सकाळ

आदरणीय राणीअक्का,

धाकट्या यशपालचा तुला आणि दाजींना सप्रेम जय भीम. इकडं आम्ही सगळे धडधाकट आहोत, आईचे गुडघे सोडून (आणि माझा डावा अंगठा सोडून, त्यावर जॅक पडला, पण नख यायला लागलंय). तुझी शुगर कशी आहे? दाजींनी तंबाखू सोडल्याचं पुन्हा एकदा कळलं, पुन्हा एकदा आनंद झाला. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. रागावलीस ते बरोबरच आहे म्हण. लेकीनं बेळगावात स्वतःचं घर बांधावं आणि सख्ख्या आईनं गृहप्रवेशाला येऊ नये, त्यानंतरही कधी उंबरा चढू नये, मग कुणाचं डोकं फिरणार नाही? पण आई येणार आहे, अक्का. तेवढ्यासाठीच मी इतके दिवस गाडीच्या ग्रीस-ऑइलमध्ये बुडालोय. शांतपणे वाच, मध्येच फाडू नकोस.

आधी एक गोष्ट. ती तुला सांगायची नाही म्हणून आईनं माझ्याकडून वचन घेतलंय, ते आता मोडतोय. गुडघे दुखतात म्हणून आली नाही, असं तुला कळवलं ते खोटं. ती निघाली होती. निळं इरकली नेसून, तुझ्यासाठी शेंगाची चटणी बांधून आम्ही बसमध्ये बसलो आणि धारवाड सोडतो न सोडतो तोच तिच्या पोटात ढवळायला लागलं. कित्तूरपर्यंत लुगड्याची जी दशा झाली ती लिहवत नाही. पोरीच्या नव्या घरात पहिलं पाऊल असं ठेवू काय म्हणाली, आणि तिथंच उतरली. (रेल्वेत नोकरी करतोस, रेल्वेनं का नाही नेलंस, असं तू विचारणार. तेही करून झालंय. अळणावरलाच तिच्या तोंडावरचा रंग उडाला. पास माझ्या खिशात आणि आई फलाटावर, असे आम्ही परत आलो.) पण गंमत बघ, कित्तूरहून ती एका टेंपोच्या मागं उघड्यावर बसून आली ती गाणं म्हणत आली! तेव्हाच माझ्या डोक्यात दिवा लागला. आईला बंद गाडी बेड, म्हणजे नकोच, उघडी पाहिजे. म्हणजे जीप.

जीप मिळाली देशपांडे नगरात, एका म्हाताऱ्या काँट्रॅक्टरच्या परसात. म्हणजे वरून कोंबड्या उठवल्यावर ती जीप आहे हे कळलं. इंजिन होतं, पण आतून काय बोलत नव्हतं. आपल्या गल्लीतला बाळाप्पा, जो ट्रॅक्टर दुरुस्त करतो, तो तिच्याभोवती एक फेरी मारून गहिवरला. म्हणाला, अण्णा, हिला सोडू नका. बाळाप्पाचा हा मोठा दोष आहे, त्याला कुठलंही लोखंड बघून गहिवर येतो. पण त्या वेळी मलाही आला, खोटं कशाला सांगू. आमच्या आरुषीची आई तेवढी कोरडी होती. तिनं फक्त विचारलं, कपडे कुठं वाळत घालायचे? (तेव्हापासून ते जीपवरच वाळतात.)

आता इथवर सगळं ठीक होतं. इंजिन चालू करून, रंग मारून, आईला बसवून नेली असती तर आज मी तुझ्या घरात चहा पीत असतो. पण अक्का, जुनी जीप घरात आली की माणूस माणसात राहत नाही. आरुषीनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. त्यात लोक जीप घेऊन डोंगर चढतात, नदीत घालतात, बाहेर काढतात, पुन्हा घालतात. मग आम्हीही पुढं विंच बसवला (गाडी चिखलात रुतली तर झाडाला दोर बांधून ओढून काढायचं यंत्र). हायवेवर चिखल कुठला, असं घरातून विचारण्यात आलं. मी दुर्लक्ष केलं. मग इंजिनाला श्वास घ्यायला काचेच्या कडेनं वर जाणारं नळकांडं लावलं, म्हणजे छातीभर पाण्यातूनही जाते. उणकल तळ्यातून बेळगावला जायचंय काय, असं विचारण्यात आलं. तिकडंही दुर्लक्ष केलं. मग दुर्गदबैलाच्या बाजारात हिंडून हिंडून जाडजूड स्प्रिंगा आणल्या, त्यावर चढवले हे एवढाले टायर, आणि गाडी अशी उठली म्हणतेस! बाळाप्पा आणि मी रस्त्यापलीकडं जाऊन चहा पीत नुसते बघत बसलो. जुन्या स्प्रिंगा आणि जुने टायर त्याच आनंदात भंगारात घातले.

ज्या दिवशी निघायचं ठरलं, त्या दिवशी गल्ली गोळा झाली. निळी जीप झळझळत होती. आई तेच इरकली लुगडं नेसून, पिशवी घेऊन बाहेर आली आणि जीपपाशी उभी राहिली. पायरी तिच्या कमरेला लागली. बाळाप्पा आभाळाकडं बघायला लागला. ज्या बाईसाठी हे सगळं केलं, तिला त्यात चढताच येत नाही, हे इतक्या दिवसांत आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं, अक्का. लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

मग उपाय सुरू झाले. स्टूल ठेवलं, ते डुगडुगलं. शिडी लावली, तर आई म्हणाली, मी काय चिंचा काढायला चाललेय? तिला खुर्चीत बसवून मी आणि बाळाप्पानं उचललं, तेव्हा खुर्चीचा पाय मोडला आणि आईनं आम्हा दोघांच्या पाठीत एक एक घातली. साकप्पा साकु, पुरे झालं तुमचं, म्हणाली आणि घरात जाऊन पिशवीतली चटणी परत डब्यात भरली. ते मला बघवलं नाही. मारलं त्याचं काही नाही, पण ती चटणी परत भरली ना, ते लागलं.

शेवटी अमरगोळला गेलो. बाजार समितीत आईनं उमेदीची वर्षं धान्य चाळलंय, तिथले हमाल तिला मावशी म्हणतात. शंभर किलोची पोती फेकणाऱ्यांना आई काय जड, असा माझा हिशेब. आईला रिक्षानं आणलं (उघडी असते, चालते), जुन्या मैत्रिणी भेटतील एवढंच सांगितलं. पण तिथं बेत कळल्यावर ती भडकली. मी काय पोतं हाय व्हय रे? असं म्हणून गोदामाच्या कट्ट्यावर, ट्रकात माल भरायचा तो उंच कट्टा असतो ना, त्यावर मागच्या उतारानं जाऊन पाठ फिरवून बसली. तेवढ्यात समोरून ट्रकवाला हॉर्न मारायला लागला म्हणून मी जीप मागं घेतली. माझं रिव्हर्स तुला माहीत आहे. ब्रेक उशिरा लागला, जीप धाडकन कट्ट्याला टेकली, मागचा फाळका सुटला आणि पूल टाकावा तसा बरोबर आईच्या पाठीमागं कट्ट्यावर जाऊन पडला. आईनं वळून बघितलं. उठली, निऱ्या सावरल्या आणि सरळ चालत जीपमध्ये येऊन बसली. हमालांनी शिट्ट्या मारल्या!

धारवाडपर्यंत जाऊन आलो. वारं तोंडावर घेत आईनं चालत्या गाडीत चुरमुऱ्याचं गिरमिट खाल्लं, वर मिरची भजी खाल्ली, आणि काहीएक झालं नाही! लोकांच्या कंपाउंडवरून आतलं सगळं दिसतं म्हणून एवढी खूश, की गाडी खाली करून देतो म्हटलं तर हात लावलास तर बघ म्हणाली. येत्या रविवारी आम्ही निघतोय. गाडी म्हशीच्या चालीनं जाते, तेव्हा जेवायला थांबू नका. राग असेल तो आल्यावर काढ, माझ्यावर काढ.

दाजींना नमस्कार.

तुझा,
यशपाल

ता. क. : चढायला इकडं अमरगोळचा कट्टा आहे. तिकडं उतरायला काही नाही. तेव्हा दाजींना सांगून दारात कट्टा बांधून घे, साधारण तुझ्या कमरेच्या वर येईल एवढा, मागून उतार असलेला. पत्र खरं म्हणजे यासाठीच लिहिलं. सिमेंट सुकायला वेळ लागतो म्हणून आजच टाकतोय.

ता. क. २ : नव्या घरापुढं असलं बांधकाम शोभणार नाही असं दाजी म्हणतील. त्यांना सांग, संध्याकाळी बसायला होईल. तंबाखू मात्र तिथं चालणार नाही.

ता. क. ३ : मी काय लिहितोय ते आईनं माझ्याकडून वाचून घेतलं. वचन मोडलं म्हणून आणखी एक पाठीत बसली. आता म्हणते, कट्टा नाही झाला तरी चालेल. मी दारात गाडीतच बसते, घर तिथनं बघते. राणीलाच वर चढून माझ्याजवळ यायला सांग. तिचे गुडघे अजून बरे आहेत ना, तेवढं विचार.